वर्गातल्या एकटीला ‘तू सांग ना’ म्हणताना

पत्र, थोडक्यात:

मी पदवीच्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकवते. वर्गात साठाच्या वर मुलं आहेत. घरची भाषा वेगळी, परिस्थिती वेगळी, समाज वेगळे. काहींच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे तेच पहिले. बोलतात मात्र तीच पाचसहा जणं. म्हणून यंदा मी अभ्यासक्रमाच्या शेवटी ‘विविधता’ असं एक प्रकरण स्वतःहून जोडलं. एका अल्पसंख्य समाजातली, वर्गात त्या समाजाची एकटीच असलेली एक मुलगी आहे. त्या तासाला मी तिला म्हटलं, ‘तू सांग ना, तुमच्याकडे याबद्दल काय वाटतं?’ हेतू चांगला होता. ती उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि बसली. पुढचे दोन तास आलीच नाही. आता येते, पण शेवटच्या बाकावर अंग चोरून बसते. गटात काम दिलं तर ओळखीचे ओळखीच्यांत बसतात. मी गट पाडले तर एकजण सगळं करतो आणि बाकीचे बघत राहतात. ‘पाहून शिकणारे’ आणि ‘ऐकून शिकणारे’ असे गट करूनही झाले. ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘शास्त्राला ना देश असतो, ना लिंग, ना भाषा. सगळ्यांना सारखं शिकव आणि मोकळी हो.’ पुढच्या वर्षी ते प्रकरण ठेवू की काढून टाकू?
– एक प्राध्यापिका

सप्रेम नमस्कार.

प्रकरण ठेवायचं की काढायचं ते नंतर पाहू. अभ्यासक्रम पुढच्या वर्षी बदलेल; ती मुलगी मात्र या आठवड्यात तुमच्या शेवटच्या बाकावर बसलेली आहे. म्हणून आधी तिच्याबद्दल.

त्या क्षणी तुम्हाला वाटलं, आपण तिला बोलायची संधी देतोय. आता तिच्या जागी बसून पाहा. तास चालू आहे, ती इतरांसारखीच वहीत काहीतरी लिहितेय, आणि अचानक तिच्या नावामागून ‘तुमच्याकडे’ असा शब्द येतो. सगळ्यांच्या माना वळतात. इतर मुलं वर्गात स्वतःच्या वतीने बोलतात. कुणाचं उत्तर चुकलं तर ते त्याचं एकट्याचं चुकतं. तिला मात्र एका अख्ख्या समाजाच्या वतीने उभं केलं गेलं, तेही तयारीशिवाय. ती चांगलं बोलली असती तर ‘यांच्यात असं असतं होय’ म्हणून ते सगळ्या समाजाच्या खात्यावर जमा झालं असतं; अडखळली असती तर तेही. आणि समजा तिचं स्वतःचं मत तिच्या घरच्यांच्या मताहून वेगळं असेल, तर? कुणाची बाजू घ्यायची हे अठरा वर्षांच्या मुलीने साठ चेहऱ्यांपुढे अर्ध्या मिनिटात ठरवायचं होतं. ती दोनच वाक्यं बोलली याचं मला मुळीच नवल वाटत नाही. उभी राहिली, यालाच धीर लागला असेल.

समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी एका मोठ्या अमेरिकन कंपनीत विक्रीच्या कामावर असलेल्या मोजक्या स्त्रियांचं निरीक्षण करून १९७७ साली हे नेमकं मांडलं होतं. एखाद्या गटात एका प्रकारची माणसं शेकडा पंधराच्या आत असली, की ती व्यक्ती म्हणून दिसेनाशी होतात आणि प्रतिनिधी म्हणून दिसू लागतात. सतत नजरेत राहतात. त्यांचं वेगळेपण फुगवून पाहिलं जातं. बाकीच्यांच्या मनात आधीच तयार असलेल्या साच्यात त्यांना बसवलं जातं. त्या स्त्रियांपैकी काहींनी यावर शोधलेला उपाय म्हणजे होईल तितकं कुणाच्या नजरेत न येणं. तुमची विद्यार्थिनी शेवटच्या बाकावर जाऊन बसली, ती मला त्यातलीच वाटते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. शिकवायला लागून चारपाच वर्षं झाली असतील. दुसऱ्या माध्यमातून शिकून आलेली एक मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नसे, पण तिची उत्तरपत्रिका वाचून मी थक्क झाले. पेपर परत देताना सगळ्यांदेखत म्हटलं, ‘बघा, त्या माध्यमातून येऊनही हिने किती सुंदर लिहिलंय.’ मला वाटलं मी कौतुक केलं. पुष्कळ वर्षांनी ती भेटली तेव्हा म्हणाली, ‘मॅडम, मी कुठून आले ते बाकीच्यांनाही दिसतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.’ त्या ‘येऊनही’मध्ये काय भरलेलं होतं, ते मला तिच्या या वाक्याने कळलं. तोवर कळलं नव्हतं, याचं दुःख आजही आहे.

तर तिच्याशी बोला. वर्गात नको. ‘तास संपल्यावर जरा थांब’ असं सगळ्यांसमोर सांगून नको. स्टाफरूममध्ये इतर शिक्षकांच्या देखत तर नकोच. वही परत देताना, जिन्यात, दोन मिनिटं. ‘त्या दिवशी मी तुला सगळ्यांच्या वतीने बोलायला लावलं. ते मी करायला नको होतं. पुन्हा करणार नाही.’ एवढंच. ‘माझ्या मनात तसं काही नव्हतं’ हे वाक्य जिभेवर येईल, ते आवरा. ते उच्चारलंत की ती तुमची समजूत घालायला लागेल, आणि विद्यार्थिनीवर शिक्षिकेला धीर द्यायची वेळ येऊ नये. तिने काही उत्तर दिलं नाही तरी चालेल. ‘मग तुला खरं काय म्हणायचं होतं?’ असं विचारू नका. तिने पुढे यावं म्हणून लगेच तिला गटप्रमुख वगैरेही करू नका. चारचौघींसारखी एक विद्यार्थिनी म्हणून वर्गात बसायची मोकळीक तिला आधी परत मिळू द्या.

आणि पुढे कधी वर्गात कुणी तिच्या समाजाबद्दल वावगं बोललं, तर सगळ्यांच्या माना पुन्हा तिच्याकडे वळतील. तुमची वळू देऊ नका. त्या बोलण्याला उत्तर देणं हे तुमचं काम आहे, तिचं नाही.

आता प्रकरणाकडे येते. माझं मत विचाराल तर ते काढून टाका. विविधता नको म्हणून नव्हे. ती शेवटी शेपटासारखी जोडली, की उरलेला अभ्यासक्रम सर्वांचा आणि हे तेवढं ‘त्यांचं’, असं मुलांना न बोलता शिकवलं जातं. वर्षभर ‘माणूस असा वागतो’ म्हणायचं आणि शेवटच्या दोन तासांत ‘काही माणसं वेगळी असतात’ असं सांगायचं. ती काही माणसं समोरच बसलेली असतात. वर्षभर ‘माणूस’ या शब्दात आपण नव्हतो, हे त्यांना शेवटच्या प्रकरणात कळतं.

तुमच्या विषयात तर हे सुधारायला भरपूर वाव आहे. मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी मानसशास्त्रातली सहा अग्रगण्य अमेरिकन नियतकालिकं तपासून २००८ साली आकडे मांडले. २००३ ते २००७ या काळात तिथे छापलेल्या संशोधनात ज्यांच्यावर अभ्यास झाला, त्यांतले ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते. त्या देशांत जगातली जेमतेम १२ टक्के माणसं राहतात. दोन वर्षांनी, २०१० मध्ये, जोसेफ हेनरिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेनझायान यांनी या मंडळींना एक नाव दिलं. पाश्चात्त्य, शिकलेले, औद्योगिक, श्रीमंत, लोकशाहीवादी या अर्थाच्या पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडली की ‘वीअर्ड’ हा शब्द होतो, आणि त्याचा अर्थ विचित्र. ज्यांना पाहून आपण ‘मानवी मन’ असं असतं म्हणून लिहून ठेवलं, ती माणसं कित्येक बाबतींत उरलेल्या जगापेक्षा निराळी निघतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे मुलांना सांगण्याऐवजी दाखवा. म्युलर-लायर भ्रम तुम्ही शिकवतच असाल: सारख्या लांबीच्या दोन रेघा, एकीच्या दोन्ही टोकांना बाणाची टोकं, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेले पंख, आणि दुसरी उगाचच लांब वाटते. हे चित्र १८८९ सालचं. मार्शल सेगॉल, डोनाल्ड कॅम्पबेल आणि मेलव्हिल हर्स्कोव्हिट्स यांनी ते जगभरातल्या वेगवेगळ्या समाजांत तपासून १९६६ मध्ये निष्कर्ष छापले. अमेरिकन विद्यार्थ्यांना दोन्ही रेघा सारख्या वाटाव्यात म्हणून आखूड भासणारी रेघ सुमारे पाचव्या हिश्शाने वाढवावी लागली. कलहारी वाळवंटातल्या सान लोकांवर त्या भ्रमाचा जवळपास परिणामच झाला नाही. असं का, यावर आजही वाद आहे. काटकोनी भिंती आणि खोल्यांत वाढल्यामुळे डोळ्यांना तशी सवय लागते असं कुणी म्हणतं, कुणाला ते पटत नाही. हा वाद मिटलेला नाही, म्हणूनच तो वर्गात न्या, आणि पहिल्याच आठवड्यात न्या. मुलांना आधी रेघा मोजायला लावा, मग सान लोकांबद्दल सांगा. आपले डोळेसुद्धा कुठेतरी वाढलेले आहेत, हे मुलांच्या लक्षात येतं तेव्हा वर्गात जी शांतता पसरते तिला तोड नाही. मी ती पाहिली आहे. त्या क्षणी कुणीही एकटं पडलेलं नसतं, कारण त्या चित्रापुढे साठही जण सारखेच पेचात असतात.

तिथून पुढे प्रत्येक प्रकरणाला एकच प्रश्न चिकटवा: हे कुणावर तपासलं? कोहलबर्ग यांच्या नैतिक विकासाच्या पायऱ्या, म्हणजे बरंवाईट ठरवायची समज कशी वाढत जाते ते, शिकवताना सांगा की १९५८ सालच्या त्यांच्या मूळ अभ्यासात सगळे मुलगेच होते. कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये म्हटलं की या मोजपट्टीवर स्त्रियांची विचार करण्याची रीत उगाचच खालच्या पायरीवर पडते. नंतरच्या संशोधनात मुलगे आणि मुली यांच्यातला फरक गिलिगन यांना वाटला तेवढा मोठा दिसला नाही. तेही सांगा, झाकून ठेवू नका. एकाची चूक दुसऱ्याने दाखवायची आणि दुसऱ्याची तिसऱ्याने तपासायची, हे मुलांना पहिल्या वर्षातच दिसायला हवं.

दुसरा प्रश्न: हे कुणी शोधलं, आणि कुणाला शोधू दिलं नाही? मेरी व्हिटन कॅल्किन्स यांनी १८९५ साली हार्वर्डच्या पीएच.डी.साठी लागणारं सगळं काम पूर्ण केलं. त्या स्त्री होत्या म्हणून विद्यापीठाने पदवी दिली नाही. दहा वर्षांनी त्याच कॅल्किन्स अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. मेमी फिप्स क्लार्क यांचं श्रेयही असंच मागे राहिलं. गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या मुलांपुढे ठेवून केलेले प्रयोग बहुतेकांना ठाऊक असतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांतली वर्णानुसार विभागणी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा निकालाच्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा आधार होता. पण त्या संशोधनाचं मूळ त्यांच्या पत्नीच्या, मेमी यांच्या, पदव्युत्तर प्रबंधात होतं. बाहुल्यांचा प्रयोग शिकवताना हे एक वाक्य जास्त लागतं. वेगळं प्रकरण लागत नाही.

आणि एक गृहपाठ. ‘या सत्रात शिकलेला एक सिद्धांत घ्या. तुम्ही जिथे वाढलात तिथे तो कितपत लागू पडतो, ते दोन पानांत लिहा.’ हा सगळ्यांना द्या. विशेषतः जी मुलं स्वतःला ‘साधारण’ समजतात, त्यांना तो फार उपयोगी पडतो. विविधता म्हणजे दुसऱ्यांचं काहीतरी, अशी त्यांची समजूत असते. आपणही कुठूनतरीच आलोय, आपल्या घरातल्या रीतीही कुणाला नवख्या वाटतील, हे त्यांना लिहिताना उमगतं. काय सांगायचं आणि काय झाकायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. वाचणार फक्त तुम्ही. वर्गात वाचून दाखवायचं असेल तर हात वर करावा, नाहीतर नाही. तुमच्या त्या विद्यार्थिनीला काही सांगायचं असेलच तर ते ती इथे सांगेल, स्वतःच्या शब्दांत, पुरेसा वेळ घेऊन. नसेल सांगायचं तर दुसऱ्याच कुठल्या विषयावर लिहील, आणि तेही तितकंच चांगलं.

आता ती पाचसहा बोलकी मुलं. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून १९७० च्या दशकात एक साधी गोष्ट मोजली: प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात. सरासरी एक सेकंद. एवढ्यात उत्तर आलं नाही की शिक्षक दुसऱ्याला विचारतात, नाहीतर स्वतःच सांगून टाकतात. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली, गप्प बसणाऱ्यांतले अधिक जण बोलू लागले, ‘माहीत नाही’ कमी झालं. घरी एक भाषा बोलणाऱ्या आणि वर्गात दुसरी ऐकणाऱ्या मुलाचा विचार करा. प्रश्न ऐकायचा, समजून घ्यायचा, उत्तर जुळवायचं, ते दुसऱ्या भाषेत फिरवायचं, आणि हसणार तर नाहीत ना हेही पाहायचं. एका सेकंदात यातली पहिली पायरीही होत नाही. ती पाचसहा मुलं हुशार असतील, पण ती आधी पोहोचतात याचं एक कारण असंही आहे की शर्यतीचं अंतर त्यांच्या सोयीचं आहे.

तेव्हा प्रश्न विचारा आणि मनात तीनपर्यंत मोजा. सुरुवातीला ते फार लांब वाटेल. महत्त्वाच्या प्रश्नाला तर एक मिनिट प्रत्येकाला वहीत लिहू द्या, मग शेजाऱ्याशी बोलू द्या, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत, आणि मगच वर्गापुढे मांडायला सांगा. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही रीत आज जगभर वापरतात. शेजाऱ्यापुढे एकदा बोलून झालेलं वाक्य साठ जणांपुढे बोलायला निम्मंच जड जातं.

गटांचं दुखणं थोडं खोल आहे. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच लिहून ठेवलंय की वेगवेगळ्या समाजांची माणसं एका खोलीत बसवली म्हणून पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्यासाठी सगळ्यांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, ते एकमेकांच्या मदतीशिवाय साधू नये, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. तुमच्या गटांत ध्येय एक आहे, पण एकटा हुशार मुलगा ते एकट्याने साधू शकतो. मग बाकीचे बघत राहणारच. त्यात त्यांचा दोष नाही, कामाची रचनाच तशी आहे.

याचं उत्तर तुमच्याच विषयातल्या माणसाने दिलंय. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात, ऑस्टिन शहरात, गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र केल्या होत्या आणि वर्गांत भांडणं पेटली होती. एलियट अॅरनसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्गाचे पाचसहा जणांचे मिश्र गट केले आणि धड्याचे तेवढेच तुकडे केले. प्रत्येकाच्या हातात एकच तुकडा. बाकीचे तुकडे मिळवायचे तर ज्याच्याकडे ते आहेत त्याचं ऐकण्यावाचून गत्यंतर नाही, आणि परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर, प्रत्येकाची वेगळी. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या एका मुलाला गटातली मुलं आधी चिडवत होती. त्याच्याकडचा भाग परीक्षेत येणार आहे हे ध्यानात आल्यावर तीच मुलं त्याला नीट प्रश्न विचारायला शिकली, आणि प्रश्न नीट आले तसा तोही खुलला. जोडकोड्यासारखी ही पद्धत म्हणून तिला जिगसॉ म्हणतात.

तुम्ही स्मृतीचं प्रकरण घ्या. पाच भाग करा. एकाच भागावर काम करणाऱ्या वेगवेगळ्या गटांतल्या मुलांना आधी एकत्र बसवून तो भाग पक्का करून घ्या, म्हणजे बुजरं मूलही आपल्या गटात परत जाताना रिकाम्या हाताने जात नाही. ही पायरी गाळू नका, घाईत बहुतेक जण नेमकी हीच गाळतात. आणि एका तासात चमत्काराची अपेक्षा धरू नका. पहिले काही तास मुलं जुन्याच सवयीने वागतात. मिश्र गट करताना एक पथ्य मात्र पाळा: प्रत्येक गटात ‘एकेक नमुना’ वाटल्यासारखी मुलं विखरू नका. एकट्या पडणाऱ्या मुलीला निदान एक ओळखीचं माणूस गटात असू दे.

‘पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे’ हे सोडून द्या. हॅरल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या समजुतीचा पुरावा शोधला, आणि शिकवण्याची पद्धत अशा गटांना जुळवल्याने शिकणं सुधारतं असा पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. एकच गोष्ट सगळ्यांना बोलून, दाखवून आणि करवून घेऊन शिकवा, त्याने सगळ्यांचंच भलं होतं.

मागे पडणाऱ्यांसाठी जादा तास काढावेत असं कुणीतरी सुचवेलच. त्याआधी गणितज्ञ उरी ट्राइसमन यांची गोष्ट मनात ठेवा. १९७० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गणितातल्या कॅल्क्युलसच्या वर्गात काळे विद्यार्थी फार मोठ्या संख्येने अडत होते. प्राध्यापकांकडे कारणं तयार होती: जिद्द कमी, पाया कच्चा, घरी पाठबळ नाही. ट्राइसमन त्या मुलांच्या सोबत राहून, ती कशी अभ्यास करतात ते कित्येक महिने पाहत राहिले. यातलं एकही कारण टिकलं नाही. मुलं कष्टाळू होती, घरच्यांना शिक्षणाची तळमळ होती. पण ती एकेकटी अभ्यास करत होती. त्याच वर्गातले चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र एकत्र बसून एकमेकांचं तपासत, आपण नेमके कुठे आहोत हे त्यांना कळत असे. ट्राइसमन यांनी मग एकत्र बसायचे वर्ग सुरू केले, आणि त्यात सोपी नव्हे तर अधिक अवघड गणितं ठेवली. ‘तुम्ही कच्चे आहात म्हणून या’ असं निमंत्रण नव्हतं. निकाल पालटले. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती अशी, की आधी तयार असलेली कारणं बाजूला ठेवून एका माणसाने जाऊन पाहिलं. तुमचे गप्प विद्यार्थी कॉलेज सुटल्यावर कुठे बसतात, कुणाबरोबर वाचतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? विचारा. पण सगळ्यांनाच विचारा.

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांवर रागावू नका. ‘सगळ्यांना सारखं’ यामागे त्यांची न्यायबुद्धीच असावी. त्यांना रो यांच्या ध्वनिफितींमधलं आणखी एक निरीक्षण सांगा: शिक्षक ज्यांना हुशार समजत, त्यांच्या उत्तरासाठी जास्त वेळ थांबत, आणि ज्यांना कच्चं समजत त्यांच्यासाठी कमी. आपण असं करतोय हे त्या शिक्षकांच्या गावीही नव्हतं. सारखं शिकवतो असं वाटणं आणि सारखं शिकवलं जाणं यांत हे अंतर राहतं. आकडे हवे असतील तर तेही आहेत. विज्ञान आणि गणिताच्या कॉलेज वर्गांवरचे २२५ अभ्यास स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के होतं. मुलांना तासात काही करायला, बोलायला, सोडवायला लावणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के होतं. त्याच वाटेने २०२० मध्ये झालेल्या एका विश्लेषणात, अशा वर्गांत वंचित गटांतली मुलं आणि बाकीची मुलं यांच्या गुणांतली दरीही कमी झालेली दिसली.

शास्त्राला देश नसतो हे त्यांचं म्हणणं मला मनापासून मान्य आहे. म्हणून तर ते १२ टक्के माणसांवर तपासून सगळ्यांचं म्हणून शिकवता येत नाही. १९६८ मध्ये केनियातल्या नैरोबीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात न्गुगी वा थिओंगो, हेन्री ओवुओर-अन्युम्बा आणि तबान लो लियोंग यांनी इंग्रजी विभागच बंद करायचा प्रस्ताव मांडला होता. इंग्रजी वाचूच नये असं त्यांना म्हणायचं नव्हतं. एकाच देशाचं साहित्य मधोमध आणि बाकी सगळं त्याच्या कडेने, हे का, एवढाच त्यांचा सवाल होता. तुमच्या अभ्यासक्रमात मधोमध काय आहे आणि कडेला काय, हा प्रश्न सहकाऱ्यांबरोबर चहा घेता घेता काढा. वाद घालायला नको, सोबत बसून यादी करा. तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला ते प्रयोग आणि त्यांच्या मर्यादा तुमच्यामाझ्याहून अधिक ठाऊक असतील.

एकाच वर्षात हे सगळं करायला जाऊ नका. या सत्रात उरलेल्या तासांना फक्त तीन सेकंद थांबा आणि तिच्याशी ती दोन मिनिटं बोला. पुढच्या सत्रात पहिल्या आठवड्यात रेघा, आणि मधल्या एखाद्या प्रकरणाला जिगसॉ. ‘विविधता’ प्रकरणासाठी जमवलेला मजकूर टाकून देऊ नका. त्याचे तुकडे करा आणि ज्या ज्या प्रकरणात तो बसतो तिथे घाला. बराचसा पहिल्या चार प्रकरणांतच संपेल असं मला वाटतं.

ती कदाचित वर्षभर शेवटच्या बाकावरच बसेल. काहींना तो बाक आवडतोही. तिला हलवू नका.

जिगसॉसाठी स्मृतीच्या प्रकरणाचे पाच भाग कसे पाडलेत ते मला लिहून पाठवा. एखादा भाग फार जड झाला असेल तर आपण मिळून तो फोडू.